अडतीस खाटांची बाग

सिस्टरच्या लेकीने फोनवर सांगितलं, "काका, आईबद्दल चार पानं लिहून द्या. तुम्ही तिला सगळ्यांत जास्त ओळखत होता." नकाशेवाले "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि मग घाबरले. बावीस वर्षांचा शेजार, मध्ये कमरेएवढं तारेचं कुंपण. तरी सिस्टरना गोड आवडायचं की तिखट, त्यांना भावंडं किती, तरुणपणी त्या गाणं वगैरे म्हणायच्या का, यातलं काही म्हणजे काही त्यांना माहीत नव्हतं. सिस्टरचं खरं नाव त्यांना कळलं ते चुकून त्यांच्या टपालपेटीत पडलेल्या एका पाकिटावरून. ते वाचलं म्हणून पुढे दोन दिवस त्यांना अपराधी वाटत होतं.

त्यांना माहीत होती ती सिस्टरची बाग, तीही कुंपणाच्या अलीकडून. तेव्हा लिहायचं ते तेवढंच, असं त्यांनी ठरवलं.

सिस्टर मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. पुरुषांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड त्यांनी तीस वर्षं सांभाळला. निवृत्त झाल्या तरी पोस्टमनपासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. अंगाने बारीक, चालणं भरभर, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप जीभ बाहेर काढून दाखवावी. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्यात साहेब होते. स्वभावाने त्यांच्या अगदी उलट, सैल आणि हौशी माणूस. बाजारातून भाजी आणायला जावं आणि कलम घेऊन यावं, ही त्यांची तऱ्हा. आणलेलं कलम हातात घेऊन ते आवारात हिंडत, पाय दुखले की थांबत, आणि थांबले तिथे खड्डा खणत. अशी अडतीस झाडं झाली. पेरू, लिंबू, संत्री, डाळिंब, अंजीर, तुती, एक आंबा. संत्र्याला पाणी हवं तर शेजारी अंजीर, ज्याला पाणी नको. मधल्या जागेत गुडघाभर गवत, आणि पायऱ्यांपासून विहिरीपर्यंत चौसष्ट कुंड्या. साहेब होते तोवर हे सगळं साहेब आणि माळीबुवा मिळून कसंबसं रेटत होते. साहेब गेले, माळीबुवांची कंबर गेली, आणि बाग सिस्टरच्या गळ्यात पडली.

पुढची तीन वर्षं सिस्टर सकाळी सहाला बागेत शिरत त्या दुपारी बाराला बाहेर येत. संध्याकाळी पुन्हा पाण्याची नळी ओढत फिरत. नकाशेवाले खिडकीतून बघत आणि आपण काही मदत करावी का, असा विचार करत. विचार पुरा होईपर्यंत सिस्टर आत गेलेल्या असत.

मग एके सकाळी त्या शिडीवरून पडल्या.

पेरूचं झाड दोन मजली उंच झालं होतं. शेंड्याचा एक पेरू त्यांच्या डोळ्यांत भरला. शिडी मऊ जमिनीत एका बाजूने खचली आणि सिस्टर गवतात आल्या. नकाशेवाले धावत कुंपणाशी गेले, तर त्या बसूनच आपलं डावं मनगट उजव्या हाताने चाचपत होत्या.

"मोडलंय," त्या म्हणाल्या. "इथं, अंगठ्याच्या वर. रिक्षा बोलवा. आणि हा पेरू धरा, उगाच चेपायचा."

पेरू त्यांनी सोडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी लेक आली. तिची नोकरी दूरच्या शहरात, तपासणी अधिकाऱ्याची. दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन दोष काढायचे आणि सही करायची, हे तिचं काम. आईचाच नमुना, फक्त उंचीने जास्त. मायलेकी व्हरांड्यात बोलत होत्या. दोघींचे आवाज असे की नकाशेवाल्यांना कान बंद करायचे म्हटलं असतं तरी ऐकू आलं असतं.

"आई, घर विकायचं. तू माझ्याकडे चलायचंस."

"तुझ्याकडे काय करू? नवव्या मजल्यावर?"

"आराम कर."

"आराम करायला लागलेली माणसं मी तीस वर्षं पाहिली आहेत. पाठीला फोड येतात."

"मग इथं पडून मर, असं म्हणू का मी?"

सिस्टरनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. मग लेक म्हणाली, "बरं. एक वर्ष देते. पुढच्या उन्हाळ्यात मी येईन तेव्हा घड्याळ लावून बघणार. रोजचे दोन तास, त्याच्या वर एक मिनिट नाही. आणि शिडी नाही. त्यात बाग होत असली तर राहा सुखाने. नाहीतर मी सांगेन तिथे सही करायची. तेव्हा रडारड नको."

"मी कधी रडले?"

"म्हणूनच म्हणते."

"दोन तास," सिस्टर म्हणाल्या. "ठीक आहे. कबूल."

ते ऐकून खिडकीतल्या नकाशेवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. सहा तासांची बाग दोन तासांत बसवायची, तीही एका हाताने. पैज लावावी तर अशी.

लेक गेली आणि दुसऱ्याच दिवशी कुंपणावर टकटक झाली. हाताला प्लास्टर, डोक्याला रुमाल. "नकाशेवाले, तुमच्याकडे मोठा कागद असेल ना?"

नकाशेवाले भूमापन कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढत होते. नावाप्रमाणे त्यांच्याकडे कागद होता, फीतही होती. नव्हतं ते एकच, आपण होऊन कुणाच्या घरात पाऊल टाकायचं धाडस. इतक्या वर्षांत सिस्टरच्या आवारात ते पहिल्यांदाच त्या दिवशी शिरले. दोन दिवस त्यांनी मोजमाप केलं. फितीचं एक टोक माळीबुवा धरत आणि दर पाच मिनिटांनी खाली बसत. तिसऱ्या दिवशी बागेचा नकाशा तयार झाला. प्रत्येक झाड गोल, प्रत्येक गोलात आकडा. एक ते अडतीस.

सिस्टरनी तो व्हरांड्याच्या भिंतीवर लावला, चार पावलं मागे सरून बघितला आणि म्हणाल्या, "आता कसं वॉर्डासारखं दिसतंय."

"झाडांना नंबर?" माळीबुवा म्हणाले. "उद्या पेरू काढायला चिठ्ठी घ्यावी लागणार वाटतं."

"तुम्हालाही नंबर देईन. गप्प बसा."

दुसऱ्या दिवसापासून राउंड सुरू झाला. सकाळी सातला सिस्टर पुढे, हातात जाड वही. मागे माळीबुवा कमरेवर हात ठेवून. कुंपणाच्या कडेकडेने नकाशेवाले आपल्या आवारातून चालत, कारण सिस्टर नकाशात काही बदल सांगतील तर तो लगेच टिपायला हवा. प्रत्येक झाडापुढे त्या थांबत. पानं उलटून बघत, साल दाबून बघत, आणि वहीत लिहीत. फळ किती, तहान किती, कटकट किती. कटकटीचा रकाना त्यांनी खास आखला होता.

पंधरवड्याने निकाल लागला. नऊ झाडं घरी सोडायची, म्हणजे काढून टाकायची. दोन अगदी एकमेकांच्या अंगावर वाढलेली, चार वर्षानुवर्षं कीड धरणारी, तीन अशा सावलीत की त्यांना फळ धरायचा प्रश्नच नव्हता. माळीबुवांनी प्रत्येकासाठी वकिली केली. अकरा नंबर साहेबांनी कुठून आणलं, तेवीस नंबरला एकदा कसली फळं आली होती. सिस्टर शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आता कसं आहे ते सांगा. एके काळी मीसुद्धा शंभर पायऱ्या धावत चढत होते."

पण एकतीस नंबरपाशी त्या स्वतःच अडल्या. ते नासपतीचं झाड. साहेबांनी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी लावलेलं. या हवेत ते कधी फळणारच नव्हतं आणि फळलंही नाही. कटकट भरपूर, फळ शून्य. वहीतला आकडा स्पष्ट सांगत होता. सिस्टर पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

"याला राहू द्या," शेवटी म्हणाल्या. "घरात एखादा बिनकामाचा असावा. सवय असते."

त्याच्याखाली त्यांनी एक बाक ठेवून घेतला आणि वहीत लिहिलं, "३१. कायम मुक्काम."

मग खऱ्या कामाला हात घातला. सिस्टरचा नियम एकच होता. जे काम रोज करावं लागतं ते कमी कसं होईल ते आधी बघायचं, वर्षातून एकदाचं काम कितीही मोठं असलं तरी चालेल. रोज सगळ्यात जास्त वेळ जाई तो पाण्यात. म्हणून बारीक भोकांच्या नळ्या आणल्या. तहान लागणाऱ्या झाडांची एक रांग, बेताच्यांची दुसरी, आणि ज्यांना आठवड्यातून एकदा विचारलं तरी पुरे त्यांची तिसरी. साहेबांनी झाडं कुठेही लावलेली असल्यामुळे त्या नळ्यांनी असे काही वेडेवाकडे वळसे घेतले की नकाशेवाल्यांना नकाशावर ते काढताना तीन वेळा रबर घ्यावं लागलं. पण पायऱ्यांपाशी तीन नळ झाले, लाल, पिवळी आणि निळी चिंधी बांधलेले. पाणी घालायचं म्हणजे आता एक नळ सोडून चहा पिऊन यायचं.

कुंड्यांचं काम दोन दिवसांत उरकलं. सिस्टरनी त्या फाटकाबाहेर मांडल्या आणि पाटी लावली, "न्याव्यात. परत आणू नयेत." सहा उरल्या. शिंपी तीन घेऊन गेला आणि आठवड्याने एक परत आणली. सिस्टरनी त्याला पाटी वाचून दाखवली.

हत्यारांसाठी बागेत तीन जागी खांब रोवले आणि कमरेच्या उंचीवर खिळे मारले. कात्री आणायला घरापर्यंत येण्यात रोज पाऊण तास जातो, हे त्यांनी वहीवरून काढलं होतं. वाटा रुंद केल्या. किती रुंद, तर इस्पितळाच्या भंगारातून त्यांनी मिळवलेली जुनी ढकलगाडी जाईल इतक्या. चार चाकं, वरखाली दोन खण, पूर्वी तिच्यावरून औषधं फिरत. आता खत आणि फळं फिरू लागली. तिचं एक चाक कुईकुई वाजे. त्या आवाजावरून सिस्टर बागेत कुठे आहेत ते नकाशेवाल्यांना न बघता कळायचं.

आणि झाडं खाली आणली. "जमिनीवर उभं राहून माझा हात पोचेल तिथवर झाड. त्याच्या वरचं आकाशाचं," असं त्यांनी जाहीर केलं. पण एकदम नाही. रोग्याचं सगळं एका दिवशी कापत नाहीत. उंच फांद्यांतला तिसरा हिस्सा आधी, चार महिन्यांनी पुढचा. चढून कापायला बाहेरून माणूस आणला, तो गेला त्याच संध्याकाळी सिस्टर शिडी ढकलगाडीवर आडवी टाकून कुंपणापाशी आल्या.

"ही तुमच्याकडे ठेवा. कुलपात."

"कुलपात?"

"माझा माझ्यावर विश्वास नाही. मी मागितली तरी द्यायची नाही."

नकाशेवाल्यांनी शिडी मागच्या खोलीत ठेवली आणि किल्ली खिशात. इतकी जबाबदारी त्यांच्यावर निवृत्तीनंतर कुणी टाकली नव्हती.

राहिलं गवत. गवत कापणं हे माळीबुवांचं पिढीजात दुखणं. सिस्टरनी ते मुळातून काढायचं ठरवलं. छाटलेल्या फांद्यांचा चुरा केला, वर्षभराचा पालापाचोळा गोळा केला, आणि सगळ्या झाडांखाली वीतभर जाड थर पसरला. थराखाली गवत उगवत नाही, ओल टिकते, पाणीही कमी लागतं. हे सगळं खरं होतं. पण पसरताना सिस्टरच्या हातून एक गोष्ट झाली, जी त्यांच्याच हातून होऊ शकली असती. तीस वर्षं त्यांनी माणसांना पांघरूण घातलं होतं. त्याच सवयीने त्यांनी एकेका झाडापुढे वाकून तो पाला बुंध्याशी नीट खोचला, दाबून, गळ्यापर्यंत, कुठे फट राहणार नाही असा. काम संपवून त्या बाकावर बसल्या तेव्हा एकोणतीस झाडं दुलई घेऊन झोपल्यासारखी दिसत होती.

नकाशेवाल्यांनी ते बघितलं आणि त्यांच्या मनात खुट्ट झालं.

नोकरीत ते मोजणीसाठी खूप बागा हिंडले होते. एका म्हाताऱ्या बागवानाने त्यांना एकदा बुंध्याजवळची माती बोटाने उकरून दाखवली होती. झाडाच्या गळ्याला वारा लागला पाहिजे, तो म्हणाला होता, गळा ओला राहिला की साल कुजते, आणि ते वरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. विशेषतः लिंबू-संत्र्याचं. नकाशेवाल्यांना ते शब्द जसेच्या तसे आठवत होते. तरी आपण कोण? आपण नकाशे काढणारे. एकच गोष्ट, तीही चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेली. बागवान कदाचित वेगळ्या मातीबद्दल बोलला असेल. सिस्टरनी तर पुस्तकं वाचली आहेत. आपण तोंड उघडायचं आणि तोंडघशी पडायचं.

रोज सकाळी ते ठरवत, आज सांगू. रोज राउंडच्या वेळी शब्द जिभेवर येत आणि ते "आज ऊन बरंच आहे" असं म्हणत. एकदा त्यांनी चिठ्ठी लिहिली. दोनदा वाचली. "कदाचित" हा शब्द तिच्यात पाच वेळा आला होता. फाडून टाकली. असा दीड महिना गेला.

मग चौदा नंबरच्या संत्र्याची पानं पिवळी पडली. सिस्टरनी खत दिलं, पाणी वाढवलं, पान शिंप्याच्या भिंगाखाली धरून बघितलं. त्यानंतर वीस नंबर मलूल झालं. लेक यायला नऊ आठवडे उरले होते. सिस्टर वही मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या दिसल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं चालणं भरभर नव्हतं. "लाल नळाची रांगच्या रांग बसणार बहुतेक," त्या माळीबुवांना म्हणाल्या. "म्हणजे पुन्हा तासन्‌तास मरमर. पोरगी म्हणाली ते खरं असेल. माझ्याच्याने होत नाही."

नकाशेवाले घरात गेले. बोलणं त्यांना जमणार नव्हतं, हे आता त्यांनी मान्य केलं होतं. त्यांनी बागेचा नवा नकाशा काढायला घेतला. एकोणतीस झाडं, प्रत्येकाभोवती पाल्याची जागा हिरव्या रेघांनी भरली, आणि बुंध्याला लागून वीतभर रुंदीचं एक वर्तुळ कोरं ठेवलं. एकोणतीस कोरी वर्तुळं. खाली आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, "इथे पाला नको." दुपारी त्यांनी तो कुंपणावरून सिस्टरच्या हातात दिला आणि परतीची वाट धरली.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "हे कोरं काय आहे?"

मग त्यांना सांगावंच लागलं. बागवान, बोटाने उकरलेली माती, गळा, वारा. सिस्टर ऐकता ऐकताच चौदा नंबरपाशी गेल्या आणि खाली बसून दोन्ही हातांनी पाला बाजूला केला. खालची साल काळी पडली होती. तिच्यातून डिंक ओघळत होता आणि आंबूस वास येत होता. सिस्टरनी बोट लावून बघितलं. एवढंसं बघायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

नकाशेवाल्यांनी खोटं बोलायचा विचार केला, पण तेही त्यांना येत नव्हतं. "तुम्ही पाला टाकलात त्या दिवसापासून."

"दीड महिना?"

"हो."

"दीड महिना माझा पेशंट ओला पडलाय आणि तुम्ही खिडकीतून बघताय?" सिस्टरचा आवाज चढला नाही, खाली गेला. वॉर्डातली माणसं याच आवाजाला भीत असणार. "का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मला वाईट वाटलं असतं तर मी मेले नसते. झाड मात्र मरतंय. माझ्या हाताखाली नवीन मुली यायच्या. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचे, चुकीचं दिसलं तर मोठ्या डॉक्टरलासुद्धा तोंडावर सांगायचं, मग कोपऱ्यात जाऊन रडा हवं तर. तुमचं वय काय?"

"एकाहत्तर."

"मग या आत. फाटकातून या, कुंपणावरून नको. तुमचीही हाडं जोडत बसायला मला वेळ नाही."

तीन दिवस दोघांनी मिळून एकोणतीस गळे मोकळे केले. नकाशेवाले वीत मोजत आणि सिस्टर पाला ओढत. कुजलेली साल त्यांनी धारदार सुरीने अशी काही स्वच्छ खरवडली की माळीबुवा म्हणाले, "टाके घालणार का आता?" चौदा आणि वीस नंबर वाचले नाहीत. बाकीच्यांनी महिन्याभरात अंग धरलं. नकाशेवाल्यांनी नवे नंबर घालायचे का म्हणून विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "खाट रिकामी झाली तरी नंबर तोच राहतो."

आणि त्या तिसऱ्या दिवशी हात धुताना त्यांनी नियम घालून दिला. रोज सकाळी सात वाजता नकाशेवाल्यांनी कुंपणाशी यायचं आणि बागेतली एक चूक सांगायची. एक तरी. मग चहा.

"आणि चूक नसली तर?"

"असते. शोधायची."

पहिले आठ दिवस नकाशेवाल्यांना पहाटे झोप येईना. मग हळूहळू सवय झाली. लिंबाखाली फळं पडली आहेत, उचलली नाहीत तर माश्या होतील. पिवळा नळ ठिबकतोय. सव्वीस नंबरची फांदी वाटेवर आली आहे, गाडी अडेल. कधी कधी सिस्टर वाद घालत. कधी त्यांनाच हार मानावी लागे. "बरं, बरं, तुमचं खरं," त्या म्हणत आणि ढकलगाडी कुईकुई करत निघे. चुका सांगून चहा मिळवण्याची ही नोकरी नकाशेवाल्यांना आधीच्या नोकरीपेक्षा बरी वाटू लागली होती, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात लेक आली. बॅग ठेवली, चहाही घेतला नाही, मनगटावरचं घड्याळ बघितलं. "सात वाजून दहा मिनिटं. कर सुरू."

सिस्टरनी रुमाल बांधला. लाल नळ सोडला. गाडी काढली, पहिल्या रांगेतून गेल्या, पडलेली फळं वेचली, पिकलेले पेरू उभ्या उभ्या काढले, खांबावरची कात्री घेतली, दोन फुटवे छाटले, कात्री पुढच्या खांबावर टांगली. लेक मागे मागे, हात पाठीशी बांधून. माळीबुवा बाकावर बसून शर्यत बघत असल्यासारखे. नकाशेवाले कुंपणाशी, हातातली किल्ली घामाने ओली झालेली. मध्येच सिस्टर एकतीस नंबरखाली टेकल्या.

"दमलीस?" लेक लगेच म्हणाली.

"नाही गं. हे कामातच धरलंय. दहा मिनिटं बसायचं."

"हे बाबांचं झाड तू ठेवलंस?"

"त्याला काय लागतं? आपलं उभं असतं."

लेक त्या झाडाकडे बघत राहिली आणि नंतर थोडा वेळ घड्याळाकडे बघायला विसरली. सिस्टरनी शेवटी गाडी पायऱ्यांपाशी आणून उभी केली तेव्हा तिने पाहिलं. "एक तास बेचाळीस मिनिटं. बसणं धरून."

"मग?"

"मग काय. काका, ही खरंच रोज एवढंच करते?"

हा प्रश्न थेट नकाशेवाल्यांना होता. एरवी ते "आहे बरं चाललेलं" म्हणाले असते. पण आता त्यांच्या तोंडाला वेगळंच वळण लागलेलं होतं. "आज तुम्ही आलात म्हणून घाईत दोन चुका केल्या," ते म्हणाले. "निळा नळ अर्धवट बंद आहे. आणि आठ नंबरखालचं एक लिंबू राहिलं. पण वेळ एवढाच लागतो."

सिस्टरनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि मग त्यांना हसू आवरेना. लेकही हसली. तपासणी करणाऱ्या माणसाला दोष काढणारा साक्षीदार भेटला की त्याचा विश्वास बसतो, हे नकाशेवाल्यांना ठाऊक नव्हतं. ते फक्त खरं बोलले होते.

घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. पण त्याच दुपारी लेक कुंपणाशी आली, अगदी हळू आवाजात. "काका, आंब्याचा शेंडा अजून छाटायचा राहिलाय, त्यावर एक पिकलाय. शिडी तुमच्याकडे आहे म्हणे. पाच मिनिटं द्या ना."

"देता येणार नाही," नकाशेवाले म्हणाले.

"आईला नाही, मला हवीय."

"कुणी मागितली तरी नाही. मला तसं सांगितलंय."

व्हरांड्यातून आवाज आला, "शाब्बास."

लेक परत गेली तेव्हा तिच्या बॅगेत लिंबं होती आणि दोन किलो पेरू. शेंड्यावरचा आंबा पाखरांनी खाल्ला.

पुढे सहा वर्षं सिस्टर त्या घरात राहिल्या. हात पोचेल तिथवर झाडं, वीतभर मोकळे गळे, सकाळचे दोन तास. उरलेल्या वेळात त्या काय करत, हे नकाशेवाल्यांनी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. मग यंदा त्या आठ दिवसांसाठी लेकीकडे गेल्या आणि तिथेच एका दुपारी आराम करता करता झोपेत गेल्या. माळीबुवा म्हणाले, नवव्या मजल्यावर जायला नको होतं. बाग आता लेक सांभाळते, दर पंधरवड्याला येऊन. एरवी नळ नकाशेवाले सोडतात. शिडी अजून कुलपात आहे.

सिस्टर लेकीकडे निघाल्या त्या सकाळी रिक्षा फाटकाशी उभी होती. बॅग पायरीवर, रुमाल डोक्याला तसाच. सात वाजले म्हणून नकाशेवाले कुंपणाशी गेले.

"सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"आज काही दिसत नाही."

"नीट बघा. चहा टाकलाय."

त्यांनी नीट बघितलं. "सतरा नंबरच्या गळ्याशी दोन पानं आहेत."

"ती आत्ता पडली, माझ्यासमोर. ती चूक झाडाची. फाटकातून या."